वाचल्याशिवाय दाबायचं नाही

आमच्या सरांनी आयुष्यात एकाही कागदावर न वाचता सही केली नाही. मी पत्रकं लिहिणारी मुलगी. पत्रकात वाक्य जरा फुगवलं तरी खपतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. हे वाक्य फुगवलेलं नाही. औषधाच्या खोक्यातली दहा घड्यांची चिठ्ठी, गॅसच्या पावतीची मागची बाजू, एसटीच्या तिकिटावरची पुसट अक्षरं, सगळं ते वाचत. लग्नपत्रिका आली तर निमंत्रकांच्या शेवटच्या नावापर्यंत वाचून, चुका लाल पेनानं दुरुस्त करून, मांडवात यजमानाच्या हातात परत देत. यजमान हसायचा. सर हसायचे नाहीत.

काकू, म्हणजे त्यांच्या बायको, सांगायच्या, "मला बघायला आलं तवा पोह्याच्या बशीखाली पेपर घातलेला. ह्यांनी आधी तो वाचला. मला मागनं बघितलं."

सरांची टंकलेखनाची संस्था होती. संस्था म्हणजे घराची पुढची खोली. एका बाजूला मराठी टायपरायटर, एका बाजूला इंग्रजी, आणि मधोमध खुर्चीवर सर. मी सतराव्या वर्षी उचगावहून सायकलवर तिथं जायला लागले. तेव्हा टायपिंगची परीक्षा संगणकावर गेली होती, यंत्रांवर कापडं पडली होती. तरी सर प्रत्येकाला आधी यंत्रावर बसवत. दोन्ही भाषा शिकायच्याच. बोटांवर फडकं टाकायचं, म्हणजे कळा दिसायच्या नाहीत. बघायचं फक्त समोरच्या कागदाकडं. "डोळं लबाड असत्यात. बोटं न्हाईत," असं ते म्हणत. आम्हा पोरींना हसू यायचं. ते हसू मला पुढं किती महागात पडलं ते सांगतेच.

परीक्षा झाली, पण माझं तिथं जाणं सुटलं नाही. कॉलेजात असतानाच मला चळवळीची लागण झाली होती, आणि चळवळीला पत्रक लागतं. सरांकडं संगणक होता, प्रिंटर होता, आणि एक जुना मराठी टायपिंगचा प्रोग्राम होता. त्यात टायपरायटरच्याच कळा चालायच्या, त्यामुळं हात पळायचा. मी दारात दिसले की सर विचारायचे, "काय पुढारीणबाई, आज कुणाचा निषेध?"

मी पत्रक दाखवायची. ते तीनदा वाचायचे. मग लाल पेन निघायचं. एकदा मी एकाच पत्रकात चार वेळा 'जाहीर निषेध' लिहिलं होतं. त्यांनी तीन खोडले आणि म्हणाले, "एकदा म्हटलं तर ऐकायला जात न्हाय व्हय त्यास्नी?" दुसऱ्या एका पत्रकात मी कचेरीनं पाठवलेल्या उत्तराला 'बेशरम' म्हटलं होतं. सरांनी ते उत्तर मागितलं. माझ्याकडं नव्हतं. मी ते पूर्ण वाचलंच नव्हतं, पहिली ओळ वाचून पेटले होते. सर उठले, चप्पल घातली आणि म्हणाले, "चल, आणू. बेशरम हाय का न्हाय ते वाचून ठरवू." आम्ही आणलं. वाचलं. बेशरमच होतं. पण तिसऱ्या परिच्छेदात त्यांनी स्वतःचीच एक चूक कबूल केली होती, ती मला सापडलीच नसती. पत्रक त्या एका ओळीवर उभं राहिलं आणि आमच्या वळणावरचा बस थांबा परत मिळाला.

आता त्या संगणकाविषयी. सर त्याला 'हा' म्हणत, घरातल्या माणसासारखं. सकाळी दहाला त्याच्यावरचं फुलाफुलांचं कापड निघायचं, सहाला परत पडायचं. तर एक दिवस ह्याच्या पडद्यावर निळी चौकट आली. तुमची प्रणाली जुनी झाली आहे, नवी विनामूल्य घ्या. खाली दोन बटणं. एक 'आत्ता करा', दुसरं 'नंतर आठवण करा'.

सर बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "तिसरं कुठं हाय?"

"कसलं तिसरं?"

"नको म्हणायचं."

तिसरं नव्हतं. मी सांगितलं, सर, असंच असतं, दाबा नंतरचं. ते दाबलं. दुसऱ्या दिवशी चौकट परत. तिसऱ्या दिवशी परत. पत्रक अर्धं झालं असताना, प्रिंटरमध्ये कागद अडकला असताना, काकूंचा वीजबिलाचा फॉर्म भरत असताना चौकट यायची. माझा संताप संतापापुरताच होता, म्हणजे मी शिव्या देऊन 'नंतर' दाबायची. सरांचा तसा नव्हता. त्यांनी त्या चौकटीच्या तळाशी असलेली बारीक ओळ शोधली, जिथं अटी वाचायची सोय होती, आणि अटी छापून काढल्या. चाळीसएक पानं निघाली. इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन चार दुपारी ते वाचत बसले. काकू दोनदा चहा ठेवून गेल्या आणि दोनदा गार झालेला घेऊन गेल्या.

पाचव्या दिवशी त्यांनी मला एक कलम दाखवलं. त्यात लिहिलं होतं की कंपनी ह्या अटी केव्हाही बदलू शकते. "मग मी मान्य काय करू? आज मान्य केलेलं उद्या निराळं हाय. ही सही न्हाय, हा अंगठा हाय. आमच्या आज्ज्याकडनं सावकारानं घेतला तसला."

त्यांनी कंपनीच्या हिंदुस्थानातल्या कचेरीला मराठीत हरकतीचं पत्र लिहिलं. नऊ मुद्दे. मुद्दा पहिला: नको म्हणण्याचं बटण असावं. रजिस्टर पोस्टानं पाठवलं. उत्तर आलं नाही. सरांनी पोचपावती एका जाड फायलीत लावली. त्या फायलीवर त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: 'उत्तर न आलेली पत्रं'.

मी तेव्हा मित्रमैत्रिणींत ही गोष्ट सांगून हशा मिळवला आहे. लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

सरांचं दुसरं वेड म्हणजे पूर. त्यांची गल्ली नदीकडच्या सखल अंगाला. मागं ओढा, ओढ्यापलीकडं मोकळं रान. पंचगंगा फुगली की पाणी आधी त्या रानात पसरतं, मग ओढ्यातून मागं सरकत गल्लीत शिरतं. पाणी ओसरलं, लोक शाळेतून घरी परतून चिखल काढायला लागले, की सर वही घेऊन दारोदार जायचे. एकच प्रश्न. पाणी कुठवर आलं? आणि माणूस जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचे, घरी येऊन टाईप करायचे. आजवरच्या सगळ्या पुरांची, गल्लीतल्या प्रत्येक घराची नोंद त्या संगणकात होती. मी काही वाचल्या होत्या. 'पाणी गॅसच्या शेगडीवर. दुधाचं पातेलं तरंगत मोरीत गेलं.' 'पाणी लाईटच्या बटणाखाली चार बोटं.' 'पाणी देव्हाऱ्याच्या दुसऱ्या पायरीला. देव हातात घेतले.' 'पाणी भिंतीवरच्या मुलीच्या उंचीच्या खुणेपर्यंत. ती तिसरीत होती तवाची खूण.'

मी त्यांना शिकवायला गेले होते. म्हटलं, सर, सरकारला फूट लागतात, इंच लागतात, पातेलं काय लिहिताय? ते म्हणाले, "फूट कुणीबी सांगतंय. देव्हाऱ्याची पायरी घरात जाऊन बघता येत्या. ती हलत न्हाय."

ह्या नोंदींची एक छापील प्रत त्यांनी पूर्वी कचेरीत दिली होती, शिक्का मारून घेतला होता. पुढं आम्ही ती मागितली तेव्हा लेखी उत्तर आलं की सदर कागद अभिलेखात आढळून येत नाही. हे उत्तर मी पूर्ण वाचलं. एकच ओळ होती.

आणि मग ती नोटीस आली. आली म्हणजे वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, भाड्यानं देणे आणि हरवले आहेच्या मध्ये, मुंगीच्या अक्षरात. अर्थात सरांनाच दिसली. ओढ्यापलीकडच्या रानात भराव टाकून मोठं व्यापारी संकुल होणार होतं. नोटिशीत लिहिलं होतं की सदर क्षेत्रात व लगतच्या वस्तीत पुराचे पाणी येत नाही. हरकत असल्यास आठवड्याभरात पुराव्यासह द्यावी. म्हणजे रान भरलं, की रानातलं पाणी कुठं जाणार? आमच्या शेगडीवर नाही, आता छपरावर. पूर ज्यांच्या घरातून पातेली घेऊन गेला त्यांना हे लोक सांगत होते की पूर येतच नाही.

हातानं लिहिलेल्या वह्या पुरांतच भिजून गेल्या होत्या. पुरावा एकच उरला होता आणि तो त्या संगणकात होता.

त्याच आठवड्यात सर आणि काकू कुरुंदवाडला पुतण्याच्या लग्नाला गेले. किल्ली माझ्याकडं. सर जाताना म्हणाले, "मी आलो की नोंदी छापू. तू तवर पत्रक कर. त्या चौकटीला हात लावू नको."

मी पत्रक करायला बसले. सकाळी अकराची वेळ. पहिला परिच्छेद झाला आणि चौकट. 'नंतर' दाबलं. दुसरा परिच्छेद, चौकट. माझ्या डोक्यात तो सगळा आठवडा होता, नोटीस होती, कचेरीतला तो आढळून न येणारा कागद होता, आणि हा माझा पत्रकाचा दिवस असा खात होता. मनात म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचा हट्ट. एकदाचं करून टाकू, सर येतील तेव्हा संगणक पळत असेल, खूशच होतील. 'आत्ता करा' दाबलं. अटींचं पान आलं. मी खाली सरकवत सरकवत तळाला गेले आणि 'मान्य आहे' दाबलं. किती वेळ लागला असेल? चहाचा एक घोट.

बारा टक्के. एकतीस टक्के. आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडायला लागला. चौसष्ट टक्के. आणि लाईट गेली.

परत आली तेव्हा पडदा काळा. मग एक वाक्य: काहीतरी चुकलं, आम्ही पूर्वस्थितीत जात आहोत. तास झाला, दोन तास झाले, तो पूर्वस्थितीत जातच राहिला. चारला मी त्याला त्याच्याच फुलाफुलांच्या कापडात बांधला, स्कूटरवर पायात ठेवला आणि शाहूपुरीतल्या दुरुस्तीवाल्याकडं नेला. तो बिचारा चांगला माणूस. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, फायली सगळ्या वाचवल्या बघा. बाकी पाटी कोरी करून नवं घातलंय. करकरीत."

घरी आणून मी नोंदींची फाईल उघडली. पानभर इंग्रजी अक्षरं. शब्द नाही, अर्थ नाही. कुणीतरी मूठभर अक्षरं उचलून फेकावीत तशी. मराठीचा तो जुना प्रोग्राम पाटीबरोबर पुसला गेला होता आणि त्याच्याशिवाय ती फाईल म्हणजे कचरा. दुरुस्तीवाल्यानं आणखी तीन मराठी फाँट लावून बघितले. प्रत्येकानं वेगळाच कचरा दाखवला. प्रोग्राम विकणारं दुकान केव्हाच बंद झालं होतं. त्याची सीडी सरांच्या कपाटात सापडली, पण ती पूर्वीच्या एका पुरात भिजलेली, चिखलाचे डाग पडलेली. कुठलंही यंत्र तिला ओळख देईना.

हरकतीला चार दिवस उरले होते.

सर संध्याकाळी आले. लग्नातले लाडू हातात. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लाईट गेल्याचं दोनदा सांगितलं, जणू लाईटनंच केलं. त्यांनी लाडू टेबलावर ठेवले आणि एवढंच विचारलं,

"दाबायच्या आधी वाचलंस का?"

"न्हाय, सर."

मला आजवर लोकांनी सभेत हुसकावलंय, धमक्या दिल्यात, माझ्या पत्रकांचे बोळे करून माझ्याच अंगावर टाकलेत. त्यातलं काही मला त्या दोन शब्दांएवढं लागलेलं नाही, आणि ते शब्द तर माझेच होते.

काकू म्हणाल्या, "पोरीला लाडू तरी द्या." सर खुर्ची ओढून ह्याच्यासमोर बसले होते. चष्मा लावला आणि तो कचरा वाचायला लागले. हो, वाचायला. ह्या माणसाला समोर अक्षर आलं की वाचल्याशिवाय राहवत नाही, मग त्याला अर्थ असो नसो. पहिली ओळ, दुसरी ओळ, पुटपुटत. "आय, के, टिंब, के, एच." परत पुढं कुठंतरी, "आय, के, टिंब, के, एच." मला वाटलं धक्क्यानं असं करतायत. मग माझं लक्ष त्यांच्या हातांकडं गेलं. टेबलाच्या कडेवर त्यांची बोटं हलत होती.

ते थांबले. मान न वळवता म्हणाले, "पुढारीण, मराठी यंत्रावरचं कापड काढ."

मी काढलं. कागद घातला.

"मराठी इसर. इंग्रजीचा धडा हाय असं समज. मी सांगतो ते इंग्रजीच्या बोटांनी बडव. कळांकडं बघू नको. आय."

उजव्या हाताचं मधलं बोट वर गेलं. के. टिंब. के. एच. माझी बोटं इंग्रजी टाईप करत होती आणि खाली मराठी यंत्र होतं. मी कागदाकडं पाहिलं. रिबन सुकलेली, अक्षर फिकट, पण अक्षर होतं.

पाणी.

आता इथं समजावून सांगते. त्या जुन्या प्रोग्रामला मराठी येतच नव्हतं. कुठली कळ दाबली एवढंच तो लक्षात ठेवायचा आणि तिला मराठीचं चित्र चढवायचा. चित्रं पुसली गेली, पण कळा राहिल्या. पडद्यावर दिसत होती ती त्या कळांची इंग्रजी नावं. मग तीच अक्षरं इंग्रजीच्या बोटांनी मराठी यंत्रावर मारली की जे पूर्वी टाईप केलं तेच परत उमटणार. हे त्या दुरुस्तीवाल्याला कळलं नाही, कारण तो टायपरायटर शिकलेला नव्हता. मला कळलं नाही, कारण मी कचरा बघितला आणि फाईल बंद केली. सरांना कळलं, कारण त्यांनी कचरासुद्धा वाचला.

पण सगळ्या पुरांची, सगळ्या घरांची पानं होती. दोन माणसांनी चार दिवसांत झालं नसतं. सरांनी काकूंकडून जुन्या विद्यार्थ्यांची वही मागवली आणि फोन लावायला घेतले. फोनवर नमस्कार चमत्कार नाही. "दोन्ही भाषा पास झालेली तूच न्हवं? उद्या सकाळी आठला ये. डबा आण."

आले. ही गोष्ट मी जिथं जाईन तिथं सांगते, कारण आमचं गाव काय आहे ते मला त्या सकाळी कळलं. कचेरीबाहेर झाडाखाली बसून प्रतिज्ञापत्रं बडवणारा एक जण आला. पिशवीत नव्या रिबिनी आणि तेलाची बाटली. आपल्या दिवसभराच्या गिऱ्हाईकांना त्यानं उद्या या म्हणून सांगितलं होतं. जयसिंगपूरहून पहिल्या गाडीनं एक शाळेतले कारकून आले, कपाळावर घाम, हातात डबा. आणि एक पन्नाशीच्या बाई आल्या, केसांवर पीठ. त्यांची पिठाची गिरणी. दोन्ही परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेल्या, पण नोकरी कधी लागली नाही, लग्न झालं, गिरणी आली. यंत्राला हात लावून पंचवीस-तीस वर्षं झालेली. त्या खुर्चीत बसल्या, पदर खोचला, बोटं कळांवर ठेवली आणि क्षणभर डोळे मिटले. मग सुरू झाल्या. आम्ही बाकीचे टाईप करायचं सोडून ऐकत राहिलो. असा सलग आवाज मी कधी ऐकला नव्हता.

सर मागून जाताना म्हणाले, "गिरणी कोण बघतंय आज?"

"बंद ठेवल्या की. लोक एक दिवस भात खात्याल."

सरांनी तो कचरा छापून प्रत्येकापुढं पानं ठेवली आणि तीन दिवस ती खोली वाजत होती. दिवस उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. टाईप झालेलं प्रत्येक पान मी त्या त्या घरी नेऊन वाचून दाखवायची, मग सही घ्यायची. वाचल्याशिवाय सही नाही, हा सरांचा नियम. लोकांना आपलेच जुने शब्द ऐकून गंमत वाटायची. दुधाच्या पातेल्याच्या आजी म्हणाल्या, व्हय, सांगितलंतं मी असं, पण पातेलं सापडलं मागनं, ते बी लिव्हा. लिहिलं.

तिसऱ्या दिवशी माझ्यापुढं जे पान आलं ते मी निम्मं मारेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नाही, कुणाच्या घराचं आहे ते. फडक्याखाली बोटं चालली होती आणि कागदावर उमटत होतं: 'संस्थेची खोली. पाणी यंत्रांच्या टेबलावर एक वीत. यंत्रं आदल्या दिवशी माळ्यावर नेली. संगणक नेला. मराठीच्या प्रोग्रामची सीडी खालच्या कप्प्यात राहिली. ती वर न्यायची आठवण पत्नीने दोनदा केली होती. चूक माझी.'

मी वळून पाहिलं. सर कारकुनांच्या पानावर वाकले होते, लाल पेन कानावर. त्या दिवशी त्यांनी मला एकच प्रश्न विचारून का सोडलं ते मला तेव्हा कळलं. मी ते पान पुरं केलं आणि त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी पूर्ण वाचलं. सही केली.

हरकत मुदतीत दिली, सुनावणी लागली. त्या दिवशी आम्ही सगळे कचेरीत गेलो. गठ्ठा गिरणीवाल्या बाईंच्या मांडीवर. साहेब तरुण होते, बोलायला गोड. आमचा गठ्ठा त्यांनी वरवर चाळला. पातेल्यावर थांबले आणि हसले. म्हणाले, आजोबा, हे वाचायला छान आहे, पण शेगडीवर म्हणजे किती फूट?

सर म्हणाले, "माप आमच्या घरात हाय, साहेब. टेप तुमी आणा."

मागं कुणीतरी टाळी वाजवली. साहेबांचं हसू जरा खाली आलं. बघू, म्हणाले. मग शिपायानं एक कागद फिरवला. हजेरी आहे, म्हणाला, प्रत्येकानं सही करा आणि निघा, पुढची सुनावणी खोळंबलीय. कागद पहिल्यांदा सरांकडं आला. सरांनी तो माझ्याकडं सरकवला.

"चष्मा घरी राहिलाय. तू वाच. मोठ्यानं."

चष्मा त्यांच्या खिशात होता. काडी मला दिसत होती.

मी उभी राहिले आणि वाचायला लागले. क्रमांक, विषय, संदर्भ. शिपाई म्हणाला, ताई, नुसती हजेरी आहे ओ, वाचायचं काय त्यात. मी वाचत राहिले. संदर्भाच्या खाली, सह्यांच्या रकान्याच्या वर, एक ओळ होती. 'उपस्थित हरकतदारांचे समाधान झाले असून स्थळपाहणीची आवश्यकता नाही.'

ती ओळ मी दुसऱ्यांदा वाचली. ओरडले नाही. निषेध केला नाही. एकदा म्हटलं की ऐकायला जातं. साहेब म्हणाले, तो छापील नमुना आहे, सगळीकडं तसाच असतो.

"मग ह्यात नको म्हणायची सोय कुठाय?" मी विचारलं.

साहेबांनी स्वतःच्या पेनानं ती ओळ खोडली आणि बाजूला सही केली. मग आमच्या सह्या झाल्या. पुढच्या आठवड्यात तीन माणसं टेप आणि गवंडी पातळी जुळवायला वापरतात ती पाण्याची नळी घेऊन गल्लीत आली. देव्हाऱ्याची दुसरी पायरी, लाईटच्या बटणाखालची चार बोटं, तिसरीतल्या मुलीची खूण. वेगवेगळी घरं, वेगवेगळे लोक, वेगवेगळे शब्द. नळी लावली तर एका पुराच्या सगळ्या खुणा एका रेषेत. मोजणाऱ्यातला एक जण ती तिसरीतली खूण बराच वेळ बघत राहिला. भरावाची परवानगी थांबली. ती लेखी आली. मी पूर्ण वाचली.

त्यानंतर काही दिवसांनी ह्याच्या पडद्यावर परत एक चौकट आली. ह्याही वेळी नवी प्रणाली. पण खाली लिहिलं होतं: क्षमस्व, तुमचा संगणक ह्या आवृत्तीसाठी पात्र नाही. सर हसले. मी त्यांना असं पहिल्यांदाच पाहिलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ती चौकट त्यांनी छापून काढली, काचेत बसवली आणि संस्थेच्या परवान्याशेजारी टांगली. काकूंना म्हणाले, "अपात्र ठरलो. सुटलो."

आता सर आणि काकू जयसिंगपूरला लेकीकडं असतात. गुडघ्यांना दारापुढच्या पायऱ्या झेपत नाहीत. संस्थेची किल्ली माझ्याकडं आहे आणि पुराची वहीसुद्धा. गेल्या पावसाळ्यात नदी फुगली. पाणी रानात पसरलं आणि बरंचसं तिथंच थांबलं. ओसरल्यावर मी दारोदार गेले. पाणी कुठवर आलं? बहुतेकांनी उंबऱ्याकडं बोट दाखवलं. पातेल्याच्या आजी म्हणाल्या, ह्या खेपेला पातेल्याला काय झालं न्हाय, लिव्ह.

शेवटी मी सरांच्या कुलूपबंद घरापुढं उभी राहिले, खूण बघितली, लिहिलं आणि तिथूनच फोन लावला.

"वाचून दाखव," सर म्हणाले.

"संस्थेची खोली. पाणी तिसऱ्या पायरीवर. आत आलं नाही."

कानानं त्यांना आता कमी ऐकू येतं, पण ऐकू आलं होतं, हे मला माहीत आहे.

"परत वाच," ते म्हणाले.